खोड्याची किल्ली

परक्या राजवटीचा थाट दाखवणाऱ्या त्या उद्यानात सगळं जुन्यासारखं उभारलं होतं: गव्हर्नरचा बंगला, कचेरी, छापखाना. ती तिथल्या कोर्टाची शिपाई. खोट्या झुपकेदार मिशा, लाल पट्टा आणि कमरेला खोड्याची किल्ली. पाहुण्यांतला कुणी हौशी पुढे आला की त्याची मान आणि मनगटं खोड्याच्या फळ्यांत अडकवायची, कोंबडी चोरल्याचा आरोप वाचायचा आणि किल्ली त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांना द्यायची. त्यांना दया येईल तेव्हा सुटका, असा तिथला नियम.

त्या दुपारी मिरवत पुढे आला तो तिचा दीर. मागे सासू, पर्स छातीशी धरून. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. काही वर्षांपूर्वी, नवरा जाऊन महिना होत नाही तोच याने तिला चोर ठरवून घराबाहेर काढलं होतं. सासूच्या बांगड्या नाहीशा झाल्या होत्या, आणि त्या लपवायची जागा सासूने फक्त तिलाच दाखवली होती. पुरावा एवढाच, पण सासूला तेवढा पुरला.

मिशांमुळे दिराने तिला ओळखलं नाही. फळी बसली, कुलूप लागलं. किल्ली सासूच्या हातात ठेवून ती कडाडली, "आरोपीने सख्ख्या आईच्या बांगड्या चोरल्या आणि आळ घातला विधवा वहिनीवर!"

लोक खो खो हसले. आवाज ऐकून दीर मान वळवायला गेला, पण वळणार कुठे?

"वहिनी? उघड हे आधी!"

"कबूल कर! कबूल कर!" लोकांना चेव चढला.

"कबूल करताय ना, भाऊजी?" तिने मिशा उपटून काढल्या.

"मी कशाला? मशीनच्या खणात होत्या त्या! शिवायला तूच बसायचीस ना तिथे?"

सासूचा चेहरा उतरला. "मशीनचा खण? तुला कुणी सांगितलं रे?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. याच्या तर तोंडातूनच सांडलं.

या घटकेला आपल्याला रडू येईल, असं तिला इतकी वर्षं वाटायचं. आलं नाही. उलट बरं वाटलं, फार बरं वाटलं.

"चुकले गं मी, सूनबाई," सासू जवळ आली. "चल, कुठेतरी बसून बोलू."

"माझी ड्यूटी पाचपर्यंत आहे," ती कोरडेपणाने म्हणाली.

"आई, किल्ली! मान अवघडली माझी!"

सासूने किल्ली पर्समध्ये टाकली, चेन ओढली आणि खोड्यासमोरच्या बाकावर बसली.

"बसते मग पाचपर्यंत," ती सुनेला म्हणाली. "तोही थांबेल."