कॉर्पोरलची व्याहीभेट

कसबा बावड्यातल्या बाळाबाईची दोन्ही पोरं एअर फोर्समध्ये, हे गाव कौतुकानं सांगायचं. गावाला काय, निळा ड्रेस दिसला की झालं! थोरला आकाराम कॉर्पोरल, बाहीवर दोन पट्ट्या, विमानाची चाकं तपासणारा. धाकटा हंबीरराव फ्लाइंग ऑफिसर, विमान उडवणारा. बाप गेल्यावर थोरल्यानं शाळा सोडून भरती गाठली, धाकट्याला शिकवलं, आणि आता धाकटा ड्रेसवर समोर आला की थोरल्यानंच सॅल्यूट ठोकायचा. आकारामला त्याचं काही नव्हतं. त्याला एकच पाहिजे होतं, भावाच्या लग्नात बापाच्या जागी उभं राहायचं.

सोयरीक जमली ती थेट ग्रुप कॅप्टनच्या घरी. आता बोला! कॉर्पोरलच्या वर सार्जंट, त्याच्या वर वॉरंट ऑफिसर, आणि तिथनं पुढं साहेबलोकांची निराळीच उतरंड. एवढ्या मोठ्या साहेबाशी आकाराम उभ्या जन्मात बोलला नव्हता. हळदीच्या दिवशी हंबीररावानं त्याला गोठ्यामागं नेलं.

"दादा, तू शेती बघतोस म्हणून सांगितलंय त्यास्नी. एवढा एक दिवस निभावून ने."

आकाराम व्हय म्हणाला. वाईट वाटलं, का नाही वाटणार? ज्याच्यासाठी हाडाची काडं केली त्यालाच आपली लाज वाटावी! पण शेतकरी म्हणून का होईना, व्याहीभेट तर आपलीच, एवढ्यावर त्यानं मन मारलं.

शिवाजी पेठेतल्या कार्यालयात वाजंत्री सुरू झाली. व्याहीभेटीला दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांना हार घालायचा, मिठी मारायची. त्या घटकेला कोण मोठा नाही, कोण धाकटा नाही. पिराजीमामांनी आकारामच्या हातात हार दिला. समोरून शेरवानीतले व्याही हात पसरून हसत आले. आणि त्या मेल्या अंगाला काय झालं कुणास ठाऊक! आकारामच्या टाचा जुळल्या, हार खाली पडला, उजवा हात फेट्याला भिडला.

व्याह्यांचे हात हळूहळू खाली आले.

"कुठलं युनिट?"

आकारामनं नंबर, हुद्दा, नाव, सगळं एका दमात सांगून टाकलं. शेतीचं बोलायला जीभच वळेना. व्याह्यांनी एकवार जावयाकडं बघितलं. हंबीररावानं मान खाली घातली.

कुणीतरी हार उचलून मामांना दिला. मामांनीच तो घातला, मिठी झाली, फोटोही निघाला. आकाराम तसाच बाजूला उभा. वरच्यानं सॅल्यूट घेतल्याशिवाय खालच्यानं हात काढायचा नसतो, आणि व्याही तर त्याच्याकडं पाठ करून पाव्हण्यांशी बोलत होते. लोक बघत होते. पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

शेवटी बाळाबाई पुढं आली. तिनं थोरल्याचं मनगट धरून हात खाली ओढला आणि लहान पोराला न्यावं तसं त्याला मांडवाबाहेर नेलं. आत अक्षता पडल्या, तरी ती परत आली नाही. हंबीररावही बोलवायला आला नाही.