गाऊनची गाठ

चौथा प्रसंग विजय सर स्वतः लिहून घेऊन आले. बाकीचे प्रसंग क्षितिजाने लिहिले होते आणि त्यांच्याकडे सरांनी धड पाहिलंही नव्हतं.

जवाहर चौकात, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भालचंद्र उमाळे यांची लहानशी कंपनी आहे. कारखाने, दवाखाने, बँका यांच्या कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन कोर्स बनवायचे, हा तिचा धंदा. आग लागली तर काय करावं, शिडीवर कसं चढावं, चिडलेल्या ग्राहकाशी कसं बोलावं. क्षितिजा हे कोर्स लिहिते. काय शिकवायचं, कोणत्या क्रमाने, प्रश्न कुठे विचारायचा आणि उत्तर चुकलं तर काय सांगायचं, हे ती ठरवते. कोर्समधला आवाजही तिचाच असतो आणि कोर्स सुरू झाला की मदतीसाठी येणारे फोनही तीच घेते.

शहराबाहेर मिसरोदच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या एका औषध कंपनीला कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा कोर्स हवा होता. विजय सर त्या कंपनीचे एचआर प्रमुख. पुण्याहून बदलून आलेले, आवाज कधीही न चढवणारे. भालचंद्र सरांनी त्यांच्यासाठी खालून पोहे-जलेबी मागवली होती. जलेबीचा पाक बोटांवरून चाटत विजय सरांनी तो प्रसंग वाचून दाखवला.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मंगलाच्या गाऊनची मागची गाठ सुटली आहे. वरिष्ठ अधिकारी मागून येऊन ती बांधून देतात. मंगला अस्वस्थ होते. हे काय आहे? पर्याय दोन. एक, हा छळ आहे. दोन, ही सुरक्षेची काळजी आहे, मंगलाचा गैरसमज झाला.

"बरोबर उत्तर दुसरं," विजय सर म्हणाले.

"सर, यात घोळ आहे," क्षितिजा म्हणाली. "त्यांनी तिला विचारलेलं नाही. कायद्यात स्पर्श नकोसा होता का, हे तिने सांगायचं असतं."

"म्हणूनच तर हा घ्यायचा, मॅडम. ढोबळ गोष्टी सगळ्यांनाच कळतात. आणि कोर्स जरा लाइट ठेवा. आपण सगळ्या पुरुषांना गुन्हेगार समजतोय असं वाटायला नको. काय भालचंद्रजी?"

"अगदी," भालचंद्र सर म्हणाले. "क्षितिजा बेटा, क्लायंटला त्यांच्या प्लांटचं जास्त माहीत ना. और जलेबी लीजिए, सर."

क्षितिजाने प्रसंग घेतला. कोर्समध्ये बसवणं कठीण नव्हतं.

चित्रं निनादने काढली. निनाद तिच्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि कोर्समधली सगळी माणसं एकाच साच्यातून काढतो. चित्र मंजुरीसाठी गेलं आणि विजय सरांचा शेरा आला: मंगलाचा चेहरा शेवटच्या चौकटीत हसरा करावा, कारण तोवर तिला आपली चूक कळलेली असते.

"घ्या, हसवली बाई," निनाद म्हणाला. "आता दातही दाखवू का?"

"गप रे."

"माझ्यावर काय चिडतेस? तूच आवाज दिलायस ना?"

आवाज तिनेच दिला होता. कोर्स हिंदीत होता. उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजायच्या आणि ती म्हणायची, "शाबाश! आप समझ गए." चुकलं की, "ओहो! ज़रा फिर से सोचिए." हे 'ओहो' तिने मुद्दाम हलकं ठेवलं होतं. चुकणाऱ्याला अपमान वाटू नये, ही तिची जुनी शिस्त. दुसरी शिस्त अशी, की बरोबर उत्तर आल्याशिवाय पुढची स्लाइड उघडायची नाही. लोक न वाचता बटण दाबत सुटतात; कुलूप लावलं की थांबतात. या कुलपाचं भालचंद्र सर प्रत्येक क्लायंटपुढे कौतुक करायचे.

कोर्स सुरू झाला. प्रगतीचा तक्ता क्षितिजाच्या स्क्रीनवर दिसायचा. पूर्ण करणाऱ्याचं नाव हिरवं, राहिलेल्याचं लाल. पहिल्याच आठवड्यात तक्ता हिरवा झाला. गेटवरचे सुरक्षारक्षक, पॅकिंगच्या बायका, कॅन्टीनचा ठेकेदार, संचालक. लाल राहिलं ते एकच नाव, भाग्यश्री, गुणवत्ता प्रयोगशाळा. ती चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रसंगावर अडकली होती. रोज यायची, एकच पर्याय निवडायची आणि बाहेर पडायची.

अशी माणसं असतात. कुणाचा माउस बिघडलेला असतो, कुणी फोनवर कोर्स उघडतो आणि दुसरा पर्याय स्क्रीनच्या खाली जातो. क्षितिजाने फार विचार केला नाही.

दुपारी मदतीचा फोन वाजला.

"हॅलो, आपके कोर्स में बग है," पलीकडून एक बाई म्हणाली. "सही जवाब को गलत बता रहा है."

"मैं क्षितिजा बोल रही हूँ. कौन सी स्लाइड?"

"क्षितिजा? मराठी का तुम्ही?"

"हो. माझे वडील नागपूरहून आले इथे."

"बरं झालं. हिंदीत हे सांगायला मला बरं वाटत नव्हतं. चौथा प्रसंग. हे बघा, आत्ता दाबते." फोनमधून टक् असा आवाज आला आणि मागोमाग क्षितिजाला स्वतःचा आवाज ऐकू आला. ओहो! ज़रा फिर से सोचिए. "ऐकलंत? रोज हेच म्हणते ही बाई."

ती बाई मीच, हे क्षितिजाला सांगता आलं नाही.

"तुम्ही पहिला पर्याय निवडलात का?"

"मग काय निवडू? उत्तराची चावी चुकली असेल तुमची. तपासून बघा ना."

असं होऊ शकतं. मागे आगीच्या कोर्समध्ये झालं होतं. कागदाची आग विझवायला चुकीचं सिलिंडर बरोबर म्हणून लागलं होतं. तेव्हा क्षितिजाने चावी, म्हणजे बरोबर उत्तरांची यादी, बदलली आणि 'उत्तरं पुन्हा तपासा' ही सोय वापरली. प्रणालीने सगळ्यांची जुनी उत्तरं नव्या चावीने तपासून निकाल बदलले आणि नापास झालेल्यांना मेल पाठवले.

"तपासलंय," क्षितिजा म्हणाली. "कंपनीने दुसरा पर्याय बरोबर म्हणून दिलाय."



"कंपनीने म्हणजे विजय सरांनी?"

"हो."

"मॅडम, तुम्ही कधी आमच्या लॅबमध्ये आलात?"

"नाही."

"आमच्या गाऊनला गाठ नसते. पुढून चेन असते, गळ्यापर्यंत. मागे काहीच नसतं. तिथे कुणाला काही बांधायचं नसतं." तिचा आवाज चढला नव्हता. "मी तक्रारीत लिहिलं होतं, की आमचे उत्पादन प्रमुख मागून येऊन कमरेला हात घालतात. तक्रार समितीपुढे ते म्हणाले, गाऊन सुटला होता, म्हणून नीट केला. समितीतल्या कुणी विचारलं नाही, की सुटण्यासारखं त्यात आहे काय. आणि आता तुमच्या चित्रात त्याला गाठ आली. हिरव्या रंगाची. छान काढलीय."

क्षितिजाला तोंडात जलेबीचा जुना, आंबट पाक आल्यासारखं झालं. त्या दिवशी तिने जलेबी खाल्लीही नव्हती.

"समितीचा निर्णय झाला का?"

"शुक्रवारी आहे. पण निर्णय तर तुमच्याकडेच लागलाय ना. समितीतल्या सगळ्यांनी कोर्स केला, सगळ्यांनी मंगलाचा गैरसमज झाला म्हणून उत्तर दिलं आणि टाळ्या घेतल्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने दिलं. ती म्हणते, अगं दाबून टाक ना, काय फरक पडतो. विजय सर म्हणाले, शुक्रवारच्या आत तुझा कोर्स पूर्ण हवा. म्हणजे मग समितीला दाखवता येईल, की हिलाही पटलं."

"तुम्ही दाबू नका," क्षितिजा म्हणाली.

"नाहीच दाबणार. मला वाटलं बग आहे." ती थोडं हसली. "बग असता तर बरं झालं असतं."

फोन ठेवल्यावर क्षितिजाने चौथा प्रसंग उघडला. हसरी मंगला, मागे वाकलेला साहेब आणि दोघांच्या मध्ये ती हिरवी गाठ. निनादने खुर्ची वळवून पाहिलं.

"लॅबच्या गाऊनला गाठ असते, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या स्क्रिप्टमध्ये होतं. मी पार्लरचा ॲप्रन बघून काढला. का?"

ती उठून बेसिनवर गेली आणि चूळ भरून आली. काही उपयोग झाला नाही.

भालचंद्र सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा विजय सरांचा फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, एक नाव लाल राहिलंय," विजय सर म्हणाले. "त्यांना तांत्रिक अडचण दिसतेय. तुमच्या बाजूने पूर्ण करून टाका."

"अडचण तांत्रिक नाही, सर. त्यांना ते उत्तर मान्य नाही."

"शिकायला वेळ लागतो काहींना. आपण मदत करायची."

"तुमच्या गाऊनला गाठ असते का, सर?"

"कसली गाठ?"

"मागची."

फोनमध्ये कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. मग विजय सर पूर्वीइतक्याच मृदूपणे म्हणाले, "भालचंद्रजी, तुम्ही बघता ना हे?" आणि फोन बंद झाला.

भालचंद्र सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काय लावलंस तू? ॲडमिनमधून एक टिक मारायची. आपण शंभर वेळा मारतो. परवा त्या बँकेच्या मॅनेजरची मारली की नाही?"

"त्याला शिडीवर चढायला शिकायचं नव्हतं. ही वेगळी गोष्ट आहे, सर. टिक मारली तर त्या बाईने स्वतः म्हटल्यासारखं होईल, की तिचा गैरसमज झाला."

"तो त्यांच्या घरचा झगडा आहे, यार. आपण पोस्टमन. पत्रात काय लिहिलंय ते पोस्टमन वाचतो का?"

"पत्र मी लिहिलंय, सर. वाचूनही मीच दाखवतेय."

"ओहो, आवाज तुझा आहे म्हणून? त्यात काय इतकं?" ते हसले. हसताना त्यांनी 'ओहो' अगदी तिच्यासारखं म्हटलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "बेटा, माझ्या पण दोन मुली आहेत. मला कळत नाही का? पण क्लायंटसमोर असं बोलायचं नसतं. जा, टिक मार, चहा पी, घरी जा लवकर."

दोन मुलींचा उल्लेख ऐकून क्षितिजाला जी किळस आली, ती विजय सरांची बोटं पाहूनही आली नव्हती.

ती जागेवर येऊन बसली. टिक मारायची चौकट भाग्यश्रीच्या नावासमोर होती. रिकामी, चौकोनी, माउस नेला की निळी होणारी. टिक मारली नाही तर निनादला सांगतील आणि निनाद मारेल. तो वाईट नव्हता. त्याला सांगितलं तर तो करतो, इतकंच. नुसतं न करून भागणार नव्हतं.

तिने कानाला हेडफोन लावला आणि माइक जवळ ओढला.

"आता काय रेकॉर्ड करतेस?" निनादने विचारलं.

"चौथा प्रसंग. चूक दुरुस्त करायचीय."

"सरांना विचारलंस?"

"नाही."

निनादने तिच्याकडे पाहिलं, मग केबिनच्या काचेकडे पाहिलं आणि स्वतःचे हेडफोन कानांवर घातले. त्याची तितकीच मदत झाली.

बरोबर उत्तरामागचं वाक्य तिने नवीन बोललं, शाबाशकीशिवाय, टाळ्यांशिवाय. "सही. बिना पूछे छूना उत्पीड़न है. मंगला ने ठीक समझा." चुकीच्या उत्तरामागचं 'ओहो' मात्र तिने तसंच राहू दिलं. मग चावी बदलली. पहिला पर्याय बरोबर, दुसरा चूक. 'उत्तरं पुन्हा तपासा' हे बटण दाबण्यापूर्वी प्रणालीने विचारलं, की हा बदल सर्व कर्मचाऱ्यांना लागू होईल, नक्की करायचं का? तिने हो म्हटलं.

तक्ता वरून खाली बदलत गेला. संचालक लाल झाले. उत्पादन प्रमुख, ज्यांच्या हाताबद्दल तक्रार होती, ते लाल झाले. समितीचे सगळे सदस्य लाल झाले, पॅकिंगच्या बायका झाल्या, शेजारी बसणारी मुलगी झाली, विजय सर झाले. प्रत्येकाला आपोआप मेल गेला: आपका कोर्स अधूरा है, कृपया चौथा प्रसंग दोबारा करें. खाली, प्रयोगशाळेच्या रांगेत, भाग्यश्री हिरवी झाली. तिने काहीच नव्याने केलं नव्हतं. तिचं पहिल्या दिवसाचं उत्तरच पुरलं.

क्षितिजाला बरं वाटलं नाही. भालचंद्र सर हे संध्याकाळपर्यंत उलटं फिरवतील हे तिला ठाऊक होतं. तिची नोकरीही बहुधा तेवढीच होती. इतक्या माणसांनी ते उत्तर दाबलं होतं आणि पटापट दाबलं होतं, कारण पुढे जायचं कुलूप तिने लावलं होतं, हेही उलटं फिरणार नव्हतं. पण मेल गेले होते. तो प्रसंग आता शुक्रवारच्या आत प्रत्येकाला पुन्हा वाचावा लागणार होता. निदान वाचल्याचं नाकारता येणार नव्हतं.

मदतीचा फोन वाजला. केबिनमध्येही वाजू लागला. काचेपलीकडे भालचंद्र सर उभे राहिले. क्षितिजाने स्वतःचा उचलला.

"मॅडम, तुमच्या कोर्समध्ये काहीतरी बिघडलंय," विजय सर म्हणाले. त्यांचा आवाज आज पहिल्यांदाच चढला होता. "मी बरोबर उत्तर देतोय आणि हे पुढे जाऊ देत नाही. हे बघा."

टक् असा आवाज आला. ओहो! ज़रा फिर से सोचिए.

"सर," क्षितिजा म्हणाली, "आपण कोणता पर्याय निवडलात?"