भरलेले सेल

घशाचा कॅन्सर काढताना डॉक्टरांनी साहेबरावांची स्वरपेटीच काढून टाकली आणि तिच्या बदल्यात हातात एक मशीन दिलं. दिसायला टॉर्चसारखं, आत चार्जिंगचे दोन पेन्सिल सेल. मशीनचं तोंड मानेला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की भुंगा बोलतोय असा एकसुरी आवाज निघायचा. श्वास आता नाकातोंडातून नव्हता. तो मानेच्या पायथ्याशी ठेवलेल्या छिद्रातून चालायचा आणि त्यावर पांढरा रुमाल बांधलेला असायचा.

गीताबाईला, त्यांच्या बायकोला, तो आवाज पहिल्या दिवसापासून नकोसा झाला. या माणसानं चिकलठाण्याच्या कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून उमर काढली होती. वस्तीतल्या विहारात वंदना तेच घ्यायचे, आणि माइक बंद पडला तरी दाराशी बसलेल्या म्हातारीला शब्द न् शब्द ऐकू जायचा. ऑपरेशननंतर ते विहारात एकदाच गेले. मशीन मानेला लावून सुरुवात केली, तर पुढं बसलेली दोन पोरं फिसकन हसली. पोरांच्या आईनं त्यांना तिथंच चापटा दिल्या, पण साहेबरावांनी मशीन खिशात घातलं ते चारचौघांत पुन्हा काढलंच नाही. त्या दिवसापासून माणसांत जाणं त्यांनी सोडलं.

म्हणूनच फुलंब्रीच्या पुढची राखणदारी त्यांनी धरली. सर्जेराव नावाच्या मालकानं आपलं शेत मोडून प्लॉट पाडले होते. मुरमाचे रस्ते आखले होते, विजेचे खांबही उभे होते, पण खांबांवर तारा नव्हत्या. "पुढच्या महिन्यात लाइट येतीय," असं सर्जेराव दर महिन्याला सांगायचे. कोपऱ्यात पत्र्याची एक खोली होती. तिच्यात नवरा-बायको, दोन शेळ्या आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो.

साहेबरावांचा फोन बटणांचा, साधा. एकदा भरला की आठवडाभर चालायचा. गीताबाईचा मोठा फोन मात्र रोज चार्जिंग मागायचा. तो बंद पडला तरी काही बिघडत नव्हतं. सेल उतरले की मात्र माणूस मुका व्हायचा. दुकानातले साधे सेल तिनं आणून पाहिले, ते भराभर उतरायचे आणि आवाज चिरकत जायचा. चार्जिंगचे सेल फुलंब्रीला पाठवून भरून आणायचे, तर प्रत्येक वेळी कुणाला तरी गळ घालावी लागायची.

उन्हाळ्यात गीताबाई लेकीला, मोनालीला घेऊन शहरात औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात गेली. दुकानदारानं एक जाडजूड पॉवर बँक काढून दाखवली. तिच्या पाठीवर तळहाताएवढी काळी काच होती.

"मावशी, उन्हात ठेवून द्यायची. आपोआप भरते. लाइटची गरजच नाय."

गीताबाईनं ती मोठ्या विश्वासानं पत्र्यावर ठेवली. दिवसभर मे महिन्याचं ऊन खाऊन सेल अर्धेही भरेनात. तिला वाटलं, ऊन कमी पडतंय, म्हणून ती पॉवर बँक पत्र्यावरच राहू दिली. थोड्याच दिवसांत पॉवर बँकेचं पोट फुगलं आणि कडेचा जोड उकलला.

मोनालीनं ती हातात घेऊन पाहिली आणि कपाळावर हात मारला. "आई, आपण फसलो गं. एवढ्याशा काचेत काय जोर असणार? आणि बॅटरी अशी तापत्या पत्र्यावर टाकली तर ती भाजणारच की."

मग तिनं चार ठिकाणी चौकशी केली आणि दुसरा चार्जर मागवला. चार पानांचा, घडी उघडणारा. त्यात बॅटरी नव्हतीच, नुसते पॅनल आणि एक वायर. सोबत सेल भरायचा छोटा चार्जर. सुट्टीच्या दिवशी येऊन तिनं आईला सगळं हातानं करून दाखवलं.

"पॅनल उन्हात, सेल सावलीत. वायर लांब हाय ती त्याच्यासाठीच. सूर्य सरकला की पॅनलचं तोंड फिरवायचं. झाडाची सावली एका पानावर जरी पडली तरी जोर जातो. आणि एका वेळी एकच वस्तू लावायची, आई. दोन लावल्या की दोन्ही उपाशी."

ते मात्र कामी आलं. गीताबाई सकाळी पॅनल दगडांवर कलता लावायची, सेल ओट्याखालच्या सावलीत ठेवायची, आणि शेळ्यांच्या मागं जाता-येता त्याचं तोंड फिरवायची. दुपार कलायच्या आत हिरवा दिवा लागायचा. संध्याकाळी भाकरी थापताना साहेबराव मशीन मानेला लावून दोन-चार वाक्यं बोलायचे. शेळी लंगडतीय, विहिरीवर मोर आला होता, असंच काहीबाही. तो आवाज तिला अजून परकाच वाटायचा, पण बोलणं त्यांचंच होतं. दुकानातले सेल आणणं तिनं बंद केलं.

पावसाळ्यात गोष्ट बदलली. श्रावणात आभाळ आठ-आठ दिवस उघडेना. पॅनल दिवसभर पसरून ठेवला तरी चार्जरवरचा दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. साहेबराव सेल जपून वापरू लागले. आधी वाक्यं तोडली, मग नुसतं हो-नाही, मग मान हलवणं. गीताबाईही कमी विचारू लागली. विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागायचं.

अशात मोनालीच्या पोरीचा वाढदिवस आला. मोनालीचं घर चिकलठाण्याला. साहेबरावांनी यायला साफ नकार दिला. आदल्या दिवशी दुपारी थोडं ऊन पडलं, तशी गीताबाई सेल घेऊन पॅनलकडं निघाली. साहेबरावांनी तिचा हात धरला, मशीनमध्ये उरलंसुरलं होतं तेवढ्यावर बोलले, "तुझा फोन लाव. नातीचे फोटो काढ."

"आन् तुमचं?"

"मला इथं कुणाशी बोलायचंय? शेळ्यांशी?" एवढं बोलेपर्यंत आवाज बारीक होऊन बसला.

सकाळी निघताना तिला आपली आपणच युक्ती सुचली. मोनालीच्या घरी लाइट आहे. सेल बरोबर न्यायचे, तिथं भरायचे, संध्याकाळी परत. मशीनमधून तिनं दोन्ही सेल काढले आणि छोट्या चार्जरसोबत पिशवीत टाकले. "भरगच्च करून आणते बघा," ती म्हणाली. साहेबरावांनी हसून हात हलवला.

मोनालीच्या घरी पोचल्याबरोबर तिनं आधी सेल लावले. मग पाहुणे आले, वस्तीतल्या बाया आल्या, पोरांनी घर डोक्यावर घेतलं. नातीला नवा फ्रॉक घालून पाटावर बसवली. कितीतरी महिन्यांनी गीताबाई माणसांत बसली होती. कुणीतरी काहीतरी बोललं आणि ती तोंडाला पदर लावून हसत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहेबरावांचा होता.

तिला नवल वाटलं. ऑपरेशननंतर त्यांनी कधी कुणाला फोन केला नव्हता. पलीकडच्या माणसाला मशीनचा आवाज कळत नाही, थट्टा समजून फोन ठेवून देतात, म्हणून. पण खिशात बटण दाबलं जाऊन त्यांचा फोन आपोआप लागायचा, हे मात्र पुष्कळदा झालं होतं.

"हॅलो! अवो, खिशात दबला जणू तुमचा फोन!"

पलीकडून नुसती घरघर. छिद्रातून येणारा त्यांचा श्वास, तिच्या ओळखीचा. श्वास चाललाय म्हणजे माणूस ठीक आहे, असं तिच्या मनात आलं आणि तिनं फोन ठेवला.

थोड्या वेळानं पुन्हा वाजला. या खेपेला घरघरीसोबत टिक टिक असा आवाज होता, पत्र्यावर थेंब पडावेत तसा. "तिकडं पाऊस लागला वाटतं," ती मोनालीला म्हणाली. फोनात ओरडली, "फोन खिशातून काढून ठेवा वो, बॅटरी उतरंल!" तिसऱ्यांदा वाजला तेव्हा नात केक कापत होती. गीताबाईनं फोन हातात घेतला, नाव बघितलं आणि बाजूला पालथा ठेवून दिला. त्यानंतर तो वाजला नाही.

निघताना तिनं चार्जर पाहिला. हिरवा दिवा लागलेला होता. तिनं सेल रुमालात गुंडाळून कनवटीला लावले.

फुलंब्रीहून रिक्षानं प्लॉटवर पोचली तेव्हा दिवस मावळायला आला होता. शेळ्या दावणीला ओरडत होत्या. खोलीचं दार सताड उघडं. पॅनल चिखलात उपडा पडलेला. त्याच्या पलीकडं सर्जेरावांनी सांडपाण्यासाठी शोषखड्डा खणून ठेवला होता आणि पावसानं त्यात कमरेएवढं गढूळ पाणी साचलं होतं. साहेबराव त्या पाण्यात, खड्ड्याच्या भिंतीला पाठ लावून, मान वर ताणून बसले होते. एक पाय वाकडा पडला होता. एका हातानं मानेवरचा रुमाल छिद्रापाशी घट्ट धरलेला, पाणी आत जाऊ नये म्हणून. दुसऱ्या हातात फोन, पाण्याच्या वर धरलेला.

दुपारी ऊन पडल्यावर खोलीतला चार्जिंगचा कंदील भरावा म्हणून ते पॅनल फिरवायला गेले, आणि काळ्या मातीत पाय सटकला. एवढं सगळं नंतर कळलं. त्या वेळी गीताबाई काठावर बसून नुसती किंचाळत राहिली. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं ऐकलं आणि त्याच्या माणसांनी त्यांना वर काढलं.

शहरातल्या दवाखान्यात खुब्याचं हाड मोडल्याचं निघालं. पण डॉक्टर हाडाबद्दल फारसं बोलले नाहीत. छिद्रावाटे घाण पाणी फुप्फुसात गेलं होतं, त्याबद्दल बोलले. बोलताना ते गीताबाईकडं नाही, मोनालीकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी ताप जरा उतरला. साहेबरावांनी डोळे उघडले आणि हातानं मानेकडं खूण केली. गीताबाईनं कनवटीचे सेल काढून, खोलीतून आणलेल्या मशीनमध्ये घातले. घाईत एक सेल उलटा बसला, पुन्हा काढावा लागला. मशीन तिनंच त्यांच्या मानेला धरलं. आवाज खणखणीत निघाला, शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघू लागला.

"शेळ्या?" त्यांनी विचारलं.

"हायेत. ट्रॅक्टरवाला बघतोय." मग तिला राहवेना. "फोनवर काय म्हणत होता वो? मला कळलंच नाय. मी पाऊस म्हणले त्याला."

"नखानं वाजवत होतो," ते म्हणाले. "म्हणणार काय? ओठ हलवत होतो. सवयीनं."

"मी फोन ठिवला. तिसऱ्यांदा तर उचललाच नाय."

ती मशीन धरूनच होती.

"पहिल्या टायमाला तुझं हसू ऐकलं," ते म्हणाले. "फोन उचलायच्या आधी हसत होतीस ना, ते तसंच चालू होतं. लई दिवसांनी ऐकलं."

त्यांनीच तिचा हात बाजूला केला, मशीन बंद करायची खूण केली. सेल जपायची सवय. ताप पुन्हा चढला तो उतरला नाही. त्या आठवड्यातच ते गेले. मशीनमधले सेल तेव्हाही जवळजवळ भरलेले होते.

विहारातली माणसं आली, वंदना दुसऱ्या कुणीतरी घेतली. सर्जेरावांनी नवा राखणदार ठेवला. गीताबाई मोनालीकडं राहायला आली. त्या घरात प्रत्येक भिंतीला प्लग होता. ती त्या प्लगांकडं बघायची नाही. मोनालीनं एकदा समजावलं, "आई, तू वाईट काही केलं नाहीस. सेल भरायलाच नेले होतेस." गीताबाईनं मान हलवली. तिलाही ते माहीत होतं. माहीत असून काही हलकं होत नव्हतं.

दिवाळीनंतर ती ते मशीन परत द्यायला कॅन्सरच्या दवाखान्यात गेली. घरात ठेवून काय करायचं? सोबत धुऊन पुसलेला पॅनल आणि चार्जरही घेतला. सिस्टरनं मशीन पाहिलं आणि बाकावर बसलेल्या एका माणसाला हाक मारली. फकिरा नाव होतं त्याचं. अंगानं वाळलेला शेतमजूर, मानेवर ताजा रुमाल. शेजारी त्याची बायको आशाबाई. त्यांचं घर शेतात, रानातली लाइन दिवसातून निम्मा वेळ गायब. नवं मशीन यायला वेळ लागणार होता.

गीताबाई आशाबाईजवळ बसली. पॅनलची चारी पानं फरशीवर उलगडली आणि लेकीनं शिकवलं होतं ते सगळं सांगितलं. पॅनल उन्हात, सेल सावलीत. सावली पडू द्यायची नाही. एका वेळी एकच. आशाबाई प्रत्येक गोष्टीला "व्हय, व्हय" म्हणत होती, पण तिची नजर नवऱ्याकडं होती.

"आन् सेलच्या दोन जोड्या घ्या," गीताबाई म्हणाली. "एक भरायला जाऊ द्या, पण एक कायम यांच्या मशीनमधी पायजे. कायम. कुठं भरायला नेऊ नका दोन्ही. ध्यानात राहील?"

"राहील की, बाई."

तेवढ्यात सिस्टरनं मशीन फकिराच्या मानेला लावून बटण दाबलं. त्याला ओठ कसे हलवायचे ते जमत नव्हतं. दोनदा नुसती भुणभुण झाली. तिसऱ्यांदा शब्द निघाला.

"आशे."

तोच आवाज. तोच सूर, तोच भुंगा. गीताबाई बाकाची कड धरून बसली. इतके दिवस परका वाटलेला तो आवाज फकिराच्या तोंडून पुन्हा निघाला, आणि आशाबाई तो ऐकून दचकली. तोंड वाकडं करून तिनं मान फिरवली. नको असलेलं काही ऐकल्यासारखी.

"असू द्या," गीताबाई तिला हळूच म्हणाली. "ओ द्या त्यांना."

आशाबाईनं ओ दिली. गीताबाई उठली, पिशवी रिकामीच होती, तरी ती काखेत घट्ट धरली, आणि बाहेर रस्त्यावर येऊन चिकलठाण्याच्या रिक्षाची वाट बघत उभी राहिली.