फुटलेली माहिती

पर्यटन मंडळाच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी, जिथं कुणाची नजर जात नाही अशा जागी, बारीक अक्षरांत 'गोपनीयता धोरण' असं लिहिलेलं आहे. त्यावर बोट ठेवलं की एक लांबलचक पान उघडतं. तलावाकाठचं विश्रामगृह नाहीतर होडी आरक्षित करणारा प्रत्येक पर्यटक 'वाचलं आणि मान्य आहे' या चौकोनात खूण करतो. इतकी खोटी साक्ष कोर्टातसुद्धा दिली जात नसेल. ते पान ज्या बाईंनी लिहिलं, त्यांचं नाव नियमाप्रमाणे पानाच्या शेवटी दिलेलं आहे. कचेरीत मात्र त्या नावानं त्यांना कुणी हाक मारत नाही. तिथं त्या कुलूपबाई.

पर्यटकांनी दिलेली नावं, पत्ते, फोन नंबर सांभाळायचे, गरजेपेक्षा जास्त मागायचे नाहीत, काम झालं की पुसायचे, आणि ज्याचं त्याला सोडून कुणाला दाखवायचे नाहीत, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं, पण लोक फार चिवट. चौकशीच्या खिडकीशी येऊन नवरे विचारतात, "आमची मंडळी इथं राहून गेली का हो?" सासरे विचारतात, भागीदार विचारतात. एक गृहस्थ तर स्वतःचंच नाव सांगून, आपण कधी आणि किती जणांसाठी खोली घेतली होती ते विचारायला आले. बायकोच्या हाती काय लागू शकतं, हे त्यांना आधीच बघून ठेवायचं होतं. त्यांना उत्तर द्यावं लागलं, कारण स्वतःची माहिती मागायचा हक्क ज्याला त्याला आहे, लबाडालाही.

बाकी सगळ्यांना एकच उत्तर. नोंद असो वा नसो, "ते मला सांगता येणार नाही." खिडकीवरच्या नव्या मुलीनं एकदा चांगुलपणानं एका नवऱ्याला "नाही हो, त्या आल्याच नव्हत्या" असं सांगून टाकलं. कुलूपबाईंनी तिला आत बोलावलं.

"आज नाही म्हणालीस. उद्या दुसऱ्याची बायको खरंच येऊन गेलेली असली, आणि त्याला तू म्हणालीस, 'सांगता येणार नाही', की झालं. त्याला जे कळायचं ते कळलं. नसताना एक आणि असताना दुसरं, असं उत्तर द्यायचंच नाही."

मुलीनं कानाला खडा लावला. पाठ फिरल्यावर हसलीही असेल. कचेरीत सगळे हसायचेच.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. घरी आई आणि कुलूपबाई, दोघीच. धाकटी बहीण सासरी, आणि तिच्या नवऱ्याचा हात चालायचा. ती दोनदा माहेरी निघून आली आणि दोन्ही वेळा आईनं तिची समजूत घालून तिला परत पाठवलं. दुसऱ्या वेळी तर आई स्वतः तिला दारापर्यंत सोडून आली, जावयाच्या हातचा चहा पिऊन. तिसऱ्या वेळी धाकटी माहेरी आलीच नाही. 'माझ्या मर्जीनं जातेय, शोधू नका' एवढा निरोप आला आणि फोन बंद झाला. त्याला दोन वर्षं होऊन गेली.

तेव्हापासून संध्याकाळी कुलूपबाईंनी चपला काढल्या की आई विचारायची, "काही कळलं का गं?" आणि त्या म्हणायच्या, "नाही, आई." मग आई ताट वाढायची, कुलूपबाईंचं भरलेलं आणि स्वतःचं नावापुरतं. दर रविवारी जावयाचा फोन यायचा. आवाजात साखर घोळलेली. तोही तेच विचारायचा, आणि आई आपल्या जिवाची तगमग त्याच्यापुढे ओतून मोकळी व्हायची. आईच्या पोटात काही राहत नाही, हे धाकटीलाही ठाऊक होतं. म्हणून तर तिनं आईलासुद्धा काही कळू दिलं नव्हतं.

एका शनिवारी सकाळी मंडळाच्या संकेतस्थळावरून एक अर्ज आला. माहिती पुसून टाकण्याबद्दलचा. असे अर्ज येतच असतात. कुलूपबाईंनी चहाचा घोट घेत नाव वाचलं आणि कप तसाच हातात राहिला. नाव धाकटीचं, जन्मतारीख धाकटीची. मजकूर असा: 'मी गेल्या वर्षी आपल्या विश्रामगृहात एक रात्र राहिले होते. माझी सर्व माहिती पुसून टाकावी. घरच्यांपैकी कोणी चौकशी केली तर सांगू नये.'

अर्जाचा रस्ता गोपनीयता धोरणाच्या पानावरूनच जातो, आणि पानाच्या शेवटी ताईचं नाव आहे. म्हणजे हा अर्ज कोण वाचणार, हे धाकटीला पक्कं माहीत होतं. माहीत असून तिनं तो पाठवला होता. कुलूपबाईंना रडू आलं आणि रागही आला. या कार्टीला दोन वर्षांत ताईची आठवण झाली ती अर्जदार म्हणून.

त्यांच्यापुढे जे होतं ते अगदी सरळ होतं. दोन कळा दाबल्या की धाकटीचा पत्ता समोर. तो हाती आला की एक ना एक दिवस तो आईच्या कानी जाणार, आणि आईच्या कानी गेला की रविवारी जावयाच्या. त्या उठल्या आणि संचालकांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, हा अर्ज माझ्या नात्यातल्या व्यक्तीचा आहे. मी बघणं बरोबर नाही. तुम्ही बघा."

संचालक घाबरले. "मला कुठं येतं ते, बाई?"

"मी सांगते. तुम्ही कळा दाबा."

मग संचालक कुलूपबाईंच्या खुर्चीत बसले आणि त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. संचालकांना वाचताना पुटपुटायची सवय. नोंद उघडताच त्यांनी सुरू केलं, "राहण्याचं ठिकाण..."

"साहेब, मनात वाचा!"

"हो, हो. मनात." थोड्या वेळानं ते म्हणाले, "अहो, हे तर फार लांब ना..."

"साहेब!"

पण 'फार लांब' एवढं कुलूपबाईंच्या कानांत शिरलं ते शिरलंच. अर्जदाराची ओळख पटवायला ठरलेले प्रश्न पाठवले, सही संचालकांची. ओळख पटली की महिन्याच्या आत सगळं पुसलं जाणार होतं.

वाटभर त्यांनी घोकलं: नाही, आई. नाही, आई. रोजचेच दोन शब्द, त्याच आवाजात. घरी आल्या, चपला काढल्या.

"काही कळलं का गं?"

"ते मला सांगता येणार नाही," कुलूपबाई म्हणाल्या.

वर्षानुवर्षं वळलेली जीभ ऐन वेळी आपल्या वळणावर गेली. आई भांडं पुसत होती. तिचा हात थांबला. दोन वर्षं रोज 'नाही' ऐकलेल्या बाईला आज पहिल्यांदा 'नाही' ऐकू आलं नव्हतं. आईनं लेकीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. भांडं जागेवर ठेवलं, दोन ताटं घेतली, दोन्ही सारखी वाढली, आणि जेवता जेवता पदरानं डोळे पुसत राहिली.

जेवण झाल्यावर कुलूपबाई म्हणाल्या, "आई, माझ्या हातून चूक झालीय. आता तू कुणापाशी एक अक्षर जरी काढलंस..."

"उद्या रविवार आहे," आई म्हणाली. "मला कळतं."

कुलूपबाईंना कसला भरवसा वाटेना. दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. एकच घडी त्यांनी तीनदा मोडली. जावई पलीकडून विचारत होता, काही कळलं का, आई.

"नाही हो, जावईबापू," आई म्हणाली. नेहमीसारखाच लांब उसासा टाकला. "कसलं काय कळतंय? आम्ही आपल्या वाट बघून बघून थकलो. तुम्ही जेवताय ना वेळेवर?" त्याचं म्हणणं संपेपर्यंत ऐकून घेतलं, ताकास तूर लागू दिली नाही, आणि फोन ठेवला.

"तुझ्यापेक्षा बरं जमलं," ती म्हणाली.

सोमवारी कुलूपबाई पुन्हा संचालकांपुढे उभ्या राहिल्या. "साहेब, माहिती फुटली. माझ्याकडून. आपल्याला अर्जदाराला कळवावं लागेल."

"कुणाला कळली?"

"तिच्या आईला."

"आईला?" संचालक हसले. "सोडून द्या हो, बाई. आईला कळलं तर त्यात काय एवढं?"

"तिनं घरच्यांना सांगू नका म्हणून लिहिलंय. आई घरचीच. त्यातून तिच्या जिवाला धोका होऊ शकतो." कुलूपबाईंचा आवाज चढला. असा तो कचेरीत कधी चढला नव्हता. "दुसऱ्या कुणाची बहीण असती तर मी कळवलं नसतं का?"

मग दोघांनी मिळून सूचना लिहिली. अशा सूचनेचा साचा ठरलेला असतो. काय फुटलं, कुणाला कळलं, त्याचे परिणाम काय, मंडळानं काय केलं. कुलूपबाई सांगत गेल्या आणि संचालक एका बोटानं टंकत गेले.

'आपणाविषयीची पुढील माहिती आमच्या कर्मचाऱ्याच्या चुकीने एका व्यक्तीस कळली आहे. माहिती: आपण हयात आहात. व्यक्तीचे आपल्याशी नाते: आई. आपला पत्ता व फोन नंबर कोणासही कळलेला नाही. सदर व्यक्तीकडे रविवारी आपल्या पतीकडून चौकशी झाली असता तिने काही माहीत नसल्याचे सांगितले. झाल्या चुकीबद्दल मंडळ दिलगीर आहे. आपणास तक्रार करण्याचा अधिकार आहे.'

"परिणाम राहिले," संचालक म्हणाले.

कुलूपबाई म्हणाल्या, "लिहा: सदर व्यक्ती पोटभर जेवू लागली आहे."

संचालकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि लिहिलं.

आठवडा गेला. आई आता संध्याकाळी विचारत नव्हती. कुलूपबाई चपला काढताना ती फक्त वळून बघायची, आणि त्या बघण्यापेक्षा विचारणं परवडलं असतं. कुलूपबाईंना वाटत होतं, धाकटी चिडली, आता कधीच लिहायची नाही. तक्रार आली असती तरी चाललं असतं, निदान तिचे शब्द तरी आले असते. मग एका दुपारी संचालक स्वतः त्यांच्या टेबलाशी आले. "उत्तर आलंय. यात काही पत्ताबित्ता नाही. तुम्हीच वाचा."

उत्तर दोन ओळींचं होतं. 'तक्रार नाही. त्या व्यक्तीचे गुडघे कसे आहेत?'

"लिहून टाकू या की," संचालक म्हणाले.

"असं कसं लिहिता येईल? तब्येतीची माहिती ज्याची त्याची असते. तिला विचारावं लागेल."

संध्याकाळी कुलूपबाई आईसमोर येऊन उभ्या राहिल्या. खूप हसावंसं वाटत होतं आणि हसता येत नव्हतं. "आई, तुझ्या गुडघ्यांची चौकशी झालीय. कळवू का?"

कुणी केली, हे आईनं विचारलं नाही. ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. "काय कळवणार?"

"जे आहे ते. जिना चढवत नाही, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय."

"एवढं वाचलं की ती धावत येईल."

"येईल बहुतेक."

दोन वर्षं आईनं याच एका गोष्टीसाठी देव पाण्यात घालून ठेवले होते, आणि आता ती आपल्याच गुडघ्यांवर हात ठेवून विचार करत बसली होती.

"बरे आहेत म्हणून लिही," ती शेवटी म्हणाली.

"खोटं लिहिता येत नाही, आई."

"मग दुखतात म्हणून लिही. आणि खाली लिही, की गुडघ्यांसाठी येऊ नकोस म्हणावं. शेजारची येते माझं करायला." तिनं गुडघ्यांवरचे हात उचलले. "आणि लिही, की तुझ्या मनानं आलीस कधी, तर मी तुला परत पाठवणार नाही. दोनदा पाठवली ते माझं चुकलं. हे सगळ्यात वर लिही. गुडघ्यांचं मागनं लिहिलंस तरी चालेल."