पोरी फिरल्या की आवाज तुटतो

दिशाने आजवर दोनच फुशारक्या मारल्या होत्या. पहिली सातवीत, गणितात पैकीच्या पैकी आणीन म्हणून. तिचं पुढे काय झालं ते घरात कोणी काढत नाही. दुसरी ह्या पावसाळ्यात, देवळाच्या पायरीवर, उत्सव मंडळाच्या सगळ्या कमिटीसमोर: "मृदंग आम्ही कॉम्प्युटरवर वाजवतो. तुम्ही फक्त बारी द्या."

बारी म्हणजे गणपतीच्या पाचव्या दिवशी देवळासमोर जाखडी नाचायची पाळी. जाखडीत मधे मृदंगवाला आणि गाणारा बसतो आणि नाचणारे पायांत चाळ बांधून त्यांच्याभोवती रिंगण धरून फिरतात. खालच्या वाडीत आजवर जे कोणी फिरले ते सगळे बापये. पोरींनी काय करायचं, तर बघायचं आणि चहा फिरवायचा. यंदा अकरावीतल्या दिशाने आणि तिच्या मैत्रिणीने, राहीने, मिळून बारा पोरी गोळा केल्या, महिनाभर पाय बडवले आणि बारी मागितली. भागोजीतात्या मृदंग वाजवायला तयारही झाले होते. पण पाखाडीच्या, म्हणजे वाडीतल्या पायवाटेच्या, चिऱ्यांवर शेवाळ धरलेलं, तात्या घसरले आणि उजवा हात मनगटात मोडला. दुसरा मृदंगवाला होता तो दरवर्षी नाचणाऱ्या रितेशच्या मंडळातल्या पोरांनी थेट राजापूरहून आणून बांधून ठेवलेला.

म्हणून कॉम्प्युटर. गेल्या वर्षी तात्यांचा सबंध मृदंग दिशाने फोनवर रेकॉर्ड केला होता आणि मे महिन्यात काही काम नव्हतं म्हणून चालीप्रमाणे त्याचे तुकडे करून ठेवले होते. बाबांच्या बोटीच्या मालकाने टाकून दिलेला लॅपटॉप घरी होताच. राहीच्या मुंबईच्या भावाने पाठवलेला भोपळ्याएवढा ब्लूटूथ स्पीकरही होता. वायर लावायचा प्रश्नच नव्हता. गेल्या वर्षी माइकची वायर रितेशच्या चाळात अडकली आणि तो प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन बसला, तेव्हापासून अध्यक्ष दत्तारामकाकांचा नियम होता की रिंगणात वायर दिसता कामा नये.

"रविवारी येऊन आयकतो," दत्तारामकाका म्हणाले होते. "मृदंग धड वाजला तर बारी तुमची. नायतर रितेशची पोरं दोनदा नाचतील. ती तयारच हायत."

तालीम राहीच्या घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात, शाळा-कॉलेज सुटल्यावर. राहीची आई सगुणाकाकी हिने लॅपटॉप बरोब्बर मधोमध स्टुलावर मांडला आणि मृदंगाला लावतात तसं त्याला हळदकुंकू लावलं. थोडं कुंकू स्पेसबारमध्ये गेलं. दिशा त्याच्याशेजारी पाटावर, चाल बदलायला. राही तिच्या बाजूला, गायला. तिला माइकची गरज नाही, तिने घरात हाक मारली की बंदरावर लोक वळून बघतात. स्पीकर खळ्याच्या कडेला, ओटीच्या पायरीवर, बघणाऱ्यांच्या दिशेला. तात्या प्लास्टर गळ्यात अडकवून खुर्चीत.

दिशाने बटण दाबलं. मृदंग असा घुमला की सगुणाकाकीचं मांजर कौलांवर गेलं. पोरींनी रिंगण धरलं, पहिलं पाऊल टाकलं.

धा धिं, धा... काही नाही... धिं. क्रक्. धा... धा.

सावित्रीचा पाय वर आणि आरोहीचा पाय खाली. ज्ञानेश्वरी मागच्या मागे तिसऱ्याच कोणावर आदळली.

"माझा मृदंग उचक्या देतोय," तात्या शांतपणे म्हणाले. "कोण आठवण काढतंय बघ गो त्याची."

"तात्या, ब्लूटूथ आहे. जरा अडकतं."

"मी पन्नास वर्षं वाजवतोय. तापात वाजवला, नशेत वाजवला. अडकला नाय कधी."

मग दिशाने जे जे करायचं ते सगळं केलं. स्पीकर रात्रभर चार्ज केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. जोडणी तोडली आणि नव्याने जोडली, तरी तेच. कोणाच्या तरी फोनचं ब्लूटूथ मधे लुडबुडत असेल म्हणून सगळ्यांचे फोन बंद करून सुपात घालून आत ठेवले. ती तालीम सगळ्यांना फार लांब वाटली. वायफाय बंद केलं, तेव्हा शेजारच्या गोदूबाईंची मालिका थांबली आणि त्या कुंपणापाशी येऊन पंधरा मिनिटं बोलल्या. मृदंग तुटतच राहिला.

चिपळूणला मामेभाऊ अजिंक्य होता, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. त्याला फोन लावला.

"रिस्टार्ट केलास?"

"चार वेळा."

"मग ड्रायव्हर अपडेट कर."

"केला."

"मग," अजिंक्य बराच वेळ विचार करून म्हणाला, "अजून एकदा रिस्टार्ट कर."

तीन वर्षं शिकला तो, मामाने आंब्याची कलमं विकून.

आणि खरी चीड आणणारी गोष्ट अशी की घरी सगळं ठीक चालायचं. दिशा खोलीत, स्पीकर पडवीत, मधे भिंत, तरी मृदंग अखंड. खळ्यात एकटीने लावून बघितलं, अखंड. पोरी आल्या, फिरल्या, की उचकी.

शुक्रवारी दत्तारामकाका रविवारपर्यंत दम न निघून आधीच आले. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि सगुणाकाकीकडे नारळ मागितला.

"काका, नारळाने ब्लूटूथ सुधारत नाही," दिशा म्हणाली.

"तुझ्याने तरी कुठं सुधारलाय?"

काकांनी सगळ्या पोरींना आपल्या मागे ओळीत उभं केलं, देवळाच्या दिशेला तोंड करून नारळ धरला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. वाडीत बोट पाण्यात घालायची असो नाहीतर म्हैस व्यायची असो, गाऱ्हाणं घातल्याशिवाय होत नाही, पण ब्लूटूथसाठी पहिल्यांदाच होत होतं.

"हे बा देवा महाराजा, आज ह्या लेकरांनी जो काय पेटारा मांडलाय..."

"व्हय महाराजा," पोरी म्हणाल्या.

"त्याच्यात जो काय दोष असंल, वाऱ्यातनं काय आडवं येत असंल, कोणाची वाकडी नजर असंल..."

"व्हय महाराजा."

"ती बारा वाटांनी दूर कर, आणि मृदंग सरळ वाजू दे."

"व्हय महाराजा."

मृदंग सरळ वाजत होता. दिशा लॅपटॉप बंद करायला विसरली होती आणि सगळं गाऱ्हाणं होईपर्यंत मागे धा धिं ना धिं एकसंध चाललं होतं, एक मात्रा न सांडता. सगळ्यांच्या ते एकदमच लक्षात आलं. काकांनी नारळ फोडला आणि छाती अशी काही फुगवली, जणू ब्लूटूथ त्यांनीच शोधलं.

"आता नाचा."

पोरी फिरल्या. धा... क्रक्... धिं.

काकांनी ओल्या नारळाचा तुकडा चघळत बराच विचार केला आणि निकाल दिला. "देवाचा यंत्रावर राग नाय. आत्ता वाजला ना सरळ? राग आहे तो पोरी फिरतात त्यावर. पोरी फिरल्या की आवाज तुटतो, हे आता सगळ्यांनी कानांनी आयकलं. ह्याला माझा इलाज नाय, बाय. रविवारी यायचं ते येतो, पण बाऱ्यांच्या फळ्यावर रितेशचं नाव दोनदा लिहायचं असं धरून चाला."

ते गेल्यावर राही म्हणाली, "मी त्या फळ्यावर शेण फासीन."

"फळा शाळेचा आहे," ज्ञानेश्वरी म्हणाली. ती नियमांची फार.

दिशाने लॅपटॉप काखेत मारला. घरी येऊन जेवली नाही. आईने कुर्ल्यांचं सार केलं होतं, म्हणजे बघा. लॅपटॉप उघडून तिने पुन्हा ते सगळे सल्ले वाचायला घेतले, जे पहिल्यांदा वाचताना तिने अर्धे गाळले होते. मायक्रोवेव्हजवळ ठेवू नका. वाडीत मायक्रोवेव्ह नाही. मधे लोखंडी कपाट नको. खळ्यात कपाट नाही. लॅपटॉप आणि स्पीकर यांच्यामधे मासे पाळायची काचेची पेटी ठेवू नका, कारण ब्लूटूथच्या लहरी पाणी पिऊन टाकतं. ह्यावर ती आठवड्यापूर्वी भरपूर हसली होती. खालच्या वाडीत मासे पेटीत पाळतात कोण? मासे एक तर समुद्रात असतात, नाहीतर ताटात.

पाणी पिऊन टाकतं.

मग तिला गाऱ्हाण्याच्या वेळचं खळं दिसलं. सगळ्या पोरी काकांच्या मागे, एका बाजूला. स्टूल आणि पायरी यांच्यामधे कोणी म्हणजे कोणी नाही. आणि नाचताना? नाचताना बारा जणी सतत त्या मधल्या जागेतून चाललेल्या. माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, हे आठवीत शिकवलं होतं, आणि तेव्हाही तिला वाटलं होतं की हे शिकवून काय उपयोग. घरात मधे कोणी आलं तरी लहरी भिंतींवर आपटून वळसा घालून पोचायच्या. खळ्यात भिंतीच नाहीत. मृदंग मधे ठेवून भोवती फिरायचं ही रीत चामड्याच्या मृदंगाला ठीक होती. ह्यांनी लॅपटॉप मधे ठेवला, त्याचा आवाज बाहेर ठेवला आणि दोघांच्या मधून बारा पिंपं पाणी फिरवत होते.

तिने राहीला फोन केला.

"आपण पाणी आहोत," ती म्हणाली.

"तू जेवलीस का?" राही म्हणाली.

उपाय शेंबड्या पोराला जमेल असा होता: स्पीकर उचलायचा आणि लॅपटॉपच्या शेजारी ठेवायचा. शनिवारी तसं केलं आणि मृदंग सबंध तासभर तुटला नाही. पोरी नाचायला लागल्या, पण दिशाचं समाधान होईना.

"रविवारी वाजेल," ती म्हणाली. "काका म्हणतील, आज वाजला, पाचव्या दिवशी देवासमोर तुटला तर? राग आहेच. त्यांच्या डोक्यात आता बसलंय की दोष पोरींचा आहे. ते आधी काढायला पाहिजे."

"कसं?" सावित्रीने विचारलं.

"बापये फिरवायचे."

रविवारी चार वाजता दत्तारामकाका आले, कमिटीतले आणखी सात जण घेऊन, आणि मागून रितेश, सहज आल्यासारखा. शाळेचा फळाही आणला होता. त्यावर खडूने सगळ्या बाऱ्या लिहिलेल्या, साडेसातची ओळ तेवढी रिकामी. दिशाने स्पीकर मुद्दाम पुन्हा पायरीवर ठेवला होता.

"काका, आम्ही नाचण्याआधी एक विनंती आहे," ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की राहीने मान फिरवली. "आमची पावलं नीट पडत नाहीत. तुम्ही सगळे जुने नाचणारे. एक फेरी करून दाखवता?"

आठ जणांनी आधी नाही म्हटलं. पन्नाशीच्या पुढचे बापये जाखडीला नाही म्हणतात ते कसं, तर पायांतल्या चपला काढता काढता. काकांनी धोतर खोचलं. रितेशलाही ओढला. रिंगण धरलं आणि दिशाने बटण दाबलं.

धा धिं... क्रक्. धा... काही नाही... धिं.

दत्तारामकाकांचा पाय हवेत राहिला. रितेश त्यांच्यावर आदळला.

"थांबू नका काका, फिरा," दिशा म्हणाली.

ते फिरले आणि मृदंग बारा पोरींनाही जमलं नव्हतं इतका तुटला, कारण पोरींपेक्षा कमिटी बरीच रुंद होती. दोन फेऱ्यांनी सगळे धापा टाकत उभे राहिले. ते उभे होते ते नेमके बाजूला, आणि मृदंग लगेच एकसंध वाजू लागला.

"देवाचा बापयांवर पण राग आहे वाटतं," खुर्चीतून तात्या म्हणाले.

कोणी हसलं नाही, म्हणजे सगुणाकाकी आत जाऊन हसली. दिशाने उठून स्पीकर आणला, स्टुलावर लॅपटॉपच्या शेजारी ठेवला आणि आठवीचं विज्ञान त्यांना सांगितलं, पाणी, लहरी, भिंती, सगळं. तिने फार शब्द घातले. अर्ध्यात काकांनी हात वर केला.

"म्हणजे मधे माणूस आला की अडतं. पोरगी असो, बापया असो."

"हो."

"मग असं सांग ना. एवढं लांबण कशाला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही फिरला नसतात."

काकांनी खोचलेलं धोतर सोडलं. मग म्हणाले, "आता पोरी फिरू देत."

पोरी फिरल्या. राही गायली, बंदरावर लोकांनी वळून बघितलं असणार. मृदंग पहिल्या धा पासून शेवटच्या थापेपर्यंत तुटला नाही, चाल तीनदा बदलली तरी. सावित्रीचा आणि आरोहीचा पाय एकाच वेळी खाली आला आणि खळ्याची जमीन सारवलेली असूनही दणका ओटीपर्यंत पोचला. तात्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर चालत होता. मधे एकदा ते नाक मुरडून म्हणाले की दुसऱ्या चालीत मी गेल्या वर्षी घाई केली होती, ती तशीच ऐकू येते, लाज वाटते.

नाच संपला. काकांनी खडू घेतला.

"साडेसात. मंडळाचं नाव काय लिहू?"

बारा जणींनी एकमेकींकडे बघितलं. महिनाभर पाय बडवताना नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं. फळ्यावर वर बघितलं तर सगळी श्री, जय, तरुण आणि उत्साही मंडळं. ज्ञानेश्वरीला देवीचं नाव हवं होतं. राहीला असं काहीतरी हवं होतं की रितेशला वाचतानाच घाम फुटावा. काका खडू धरून उभे, घाम पुसत.

दिशाने त्यांच्या हातातून खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: खालच्या वाडीतल्या मुली.

"हे नाव नाय गो," काका म्हणाले. "हा पत्ता झाला."

"असू दे काका. पुढच्या वर्षी बारीसाठी कोणाला विचारायचं ते कळेल."

काकांनी खडूचे हात धोतराला पुसले. मग त्यांनी वळून रितेशला फळा उचलायला सांगितलं, आणि फळा देवळाकडे निघाला.