सत्तावीस अंशांची ऊब

तिसरीही बाटली नासली, तेव्हा निदिया झानुत्तीनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. सान्ता फेच्या त्या प्रयोगशाळेतला तिचा करार शुक्रवारी संपत होता, आणि तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे डॉक्टर एवारिस्तो बेर्तोलिन यांच्या सहीवर होतं.

काम तसं गमतीचं. मक्याचा पोंगा पोखरणाऱ्या अळीच्या पेशी बाटलीत वाढवायच्या आणि त्यांच्याकडून डुकरांच्या एका विषाणूची नुसती टरफलं बनवून घ्यायची. आत दाणाच नाही, त्यामुळे रोग नाही. पण टरफल बघूनच डुकराचं शरीर सावध होतं. शेतकऱ्यांना छळणाऱ्या अळीला असं कामाला जुंपलेलं पाहून निदियाला फार बरं वाटायचं. पेशींना मात्र बारा महिने सत्तावीस अंशांची ऊब लागायची. तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा; त्या गारठ्यात अख्ख्या इमारतीत तेवढी एकच खोली उबदार असायची.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या गर्दीत कोंब फुटलेले बारीक गोळे दिसत होते. पावाचं खमीर!

"बेकरीवाल्याची लेक ना तू?" डॉक्टर म्हणाले. "तूच आणतेस हे घरून."

"बाबांनी भट्टी विकून सहा वर्षं झाली, डॉक्टर."

"मग रक्तातच असेल."

निदियाचा तिळपापड झाला. त्याच दुपारी तिनं उबेची खोली पालथी घातली. वरच्या फळीवर, खोक्यांच्या मागे, फडक्यानं झाकलेली एक बरणी होती. वर चिठ्ठी : 'हात लावू नये.' अक्षर डॉक्टरांचं. तिनं फडकं बाजूला करून वास घेतला आणि तिला हसूच फुटलं. डॉक्टरांना घरी पाव भाजायचं नवं वेड लागलं होतं, आणि घरच्या थंडीत खमीर काही फुगत नव्हतं. रोज सकाळी पेशी मोजायला बाटल्यांतून नमुना काढायचे, तेही डॉक्टरांचे हेच खमीर कालवणारे हात!

पण साहेबाकडे बोट दाखवून कुणाची नोकरी टिकली आहे? तिनं बरणी होती तशी ठेवून दिली.

शुक्रवारी संचालिका इर्मा कोलुस्सी पेल्यातून नळीनं माते, म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा चहा, ओढत बसल्या होत्या. "चूक कुणाची ते सांगा आणि मला मोकळं करा."

"निदियाची," डॉक्टर म्हणाले.

निदियानं साळसूद चेहरा केला. "असेलही, बाई. पण हे आमच्या भट्टीतलं नाही, एवढं नक्की. असलं मरतुकडं खमीर बाबांनी दारातही उभं केलं नसतं. त्याचा पाव कसला, वीट व्हायची!"

डॉक्टर खुर्चीत चुळबुळले.

"आळशी जात," ती शांतपणे पुढे म्हणाली. "रात्रभर ठेवलं तरी बोटभर फुगायचं नाही."

"बोटभर?" डॉक्टर ताडकन उठले. "काल तीन तासांत दुप्पट झालंय! बरणीवरचं फडकं उचललं त्यानं!"

इर्माबाईंनी मातेचा पेला खाली ठेवला. "कुठली बरणी, एवारिस्तो?"

डॉक्टर पुन्हा खाली बसले. बाईंनी निदियाच्या कराराचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. डॉक्टरांनी सही केली. कान लालबुंद झाले होते. निदियाला उड्या माराव्याशा वाटत होत्या, पण ती सभ्यपणे बाहेर पडली.

व्हरांड्यात डॉक्टरांनी तिला गाठलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "खरं सांग गं, एवढं आळशी आहे का ते?"

"छे हो, डॉक्टर! तीन आठवड्यांत तीन बाटल्या फस्त केल्या त्यानं. त्याला आळशी कसं म्हणू?"