झाकली मूठ

“डोळे मीट,” चैतराम म्हणाला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आनंदीने मिटले.

उदबत्तीची परीक्षा नुकतीच पार पडली होती. बासष्ट सालचा मे महिना. बालाघाटजवळच्या मँगनीजच्या खाणीत एक छोटी प्रयोगशाळा होती आणि तिच्यात काचेचं एक कपाट. खनिजाचा चुरा त्यात ॲसिडमध्ये उकळायचा आणि वरची मोटर त्याची वाफ धुराड्यातून बाहेर ओढायची. दर सहामाहीला तपासनीस चैतराम येऊन कपाटाच्या तोंडाशी उदबत्ती धरी. धूर मुकाट आत गेला, तर पासची चिठ्ठी. त्याच्या चिठ्ठीशिवाय कपाट वापरायचं नाही असा नियम होता, आणि चैतरामचा तोरा असा, की नियम जणू त्यानेच केला होता.

उदबत्तीनंतरची परीक्षा मात्र खरोखर त्याचीच होती. लामत्याहून आणलेलं मोहाचं सुकं फूल मुठीत धरून तो काम करणाऱ्याच्या नाकाशी नेई. वाफेने आधी नाक मरतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरुणपणी अशाच एका कपाटापुढे त्याचं स्वतःचं नाक कायमचं गेलं होतं. घरी डाळ करपली तर शेजारी सांगायला येतात, असं लोक चिडवत. तोही हसे.

“येते का वास?”

“हौ काका, येते ना. चांगला गोड येऊन राह्यला.”

चैतरामने मूठ उघडली. मुठीत काहीच नव्हतं.

सकाळी तिने केलेला चहा केमिस्ट हिरालालने नाकाशी नेताच खाली ठेवला होता. दुधाला वास मारत होता, आणि करणारीला पत्ता नव्हता. तेव्हाच चैतरामला शंका आली होती.

आनंदीने डोळे उघडले आणि तिचा चेहरा उतरला. नवरा गेल्यापासून घर या नोकरीवर चाललं होतं.

“काका, कोणाले सांगू नका,” ती हळूच म्हणाली. “मले काढतीन. दोन लेकरं हायेत माहे.”

चैतरामला भयंकर राग आला, पण तिचा नव्हे. धूर आत जातो, मग हिचं नाक का मरतं?

“रोज जसं काम करते तसं कर,” तो म्हणाला.

आनंदी उठली, तिने छताचा पंखा लावला आणि ती कपाटापुढे उभी राहिली. चैतरामने कपाटाच्या तोंडाशी पुन्हा धरलेल्या उदबत्तीचा धूर घोटाळला, वळला आणि तिच्या तोंडावर आला.

“हा पंखा मघाशी काहून बंद होता?” चैतरामने विचारलं.

“उदबत्तीचा धूर हलते ना भाऊ,” हिरालाल ओशाळून म्हणाला. “टेस्ट के दिन बंद ही रखते हैं. बाकी एवढ्या उन्हाळ्यात पंख्याशिवाय माणूस उभा कसा राहीन?”

लबाडी कोणीच केली नव्हती. पाहुणे येणार म्हणून अंगण सारवावं, तसं सगळ्यांनी मनापासून केलं होतं.

“पंखा हटेपर्यंत चिठ्ठी भेटत नाही,” चैतराम म्हणाला. “पंखा ओसरीत लावा. उकळायचं काम सकाळच्या गारव्यात करा. अन् हिले तराजूच्या कामावर बसवा, पगार तोच. हिले काढलं तर हे कपाट मी जन्मात पास करत नाही.”

“धमकी देऊन राह्यले का भाऊ?”

“हौ.”

हिरालालला हसू आलं. “ठीक है,” तो म्हणाला, आणि शब्दाला जागला.

दिवाळीच्या आधी चैतराम पुन्हा आला. पंखा ओसरीत फिरत होता. धूर मुकाट आत गेला, चिठ्ठी लागली. तराजूच्या खोलीतून आनंदी स्वतःच पुढे आली आणि तिने डोळे मिटले. चैतरामने मूठ तिच्या नाकाशी नेली.

तिने दोनदा श्वास ओढून घेतला.

“काका, मूठ खाली हाये. काहीच नाही तिच्यात.”

“नीट हुंगून पाय.”

“खालीच हाये. फूल तुमच्या त्या हातात हाये.”

चैतरामने दुसरी मूठ उघडली. फूल घामाने ओलसर झालं होतं. सवयीने त्याने ते आपल्या नाकाशी नेलं, क्षणभर धरलं, आणि मग तिच्या तळहातावर ठेवलं.

“कसा येते वास?” त्याने विचारलं.

“गोड. थोडा आंबूस. अजून सांगू का?”

“सांग ना,” चैतराम म्हणाला आणि ओसरीच्या पायरीवर बसला.